मदत हवी आहे: वडील रात्री नळ्या ओढतात, हात बांधण्याला पर्याय काय?

नमस्कार मंडळी,

वडील 79 वर्षांचे. खुब्याचं ऑपरेशन झालंय, आता घरी आहेत. नाकात राइल्स ट्यूब (पोटात अन्न द्यायची नळी), शिवाय लघवीची नळी आणि पिशवी. दिवसा बरे असतात, पेपर मागतात. दिवेलागणीनंतर घोळ सुरू होतो. मला ओळखत नाहीत, "गाडी चुकेल" म्हणून उठू बघतात, नळ्यांना हात घालतात. आयसीयूत त्यांचे हात गॉज बँडेजने कठड्याला बांधले होते, आम्हाला कळलं भेटीच्या वेळी. मनगटांवर वळ अजून आहेत. आता नर्सिंग ब्युरोतून आलेल्या रात्रपाळीच्या मावशीही म्हणतात, "ताई, बांधल्याशिवाय जमणार नाही." एकटी बाई रात्रभर हात धरून किती बसेल, तेही खरंच. पण बांधलं की बाबा जास्तच झटापट करतात. झोपेच्या गोळीने पाडून ठेवणंही नको वाटतं.

दुसरं काही करता येतं का? आणि हॉस्पिटलने घरच्यांना न विचारता बांधणं कायद्यात बसतं का?

प्रतिसाद

ताई, मी आयसीयूत नर्स आहे. हा डेलिरियम (आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ) वाटतोय, म्हणजे आधी कारण शोधायचं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातलं कमी सोडियम, अंगावर काढलेलं दुखणं. संध्याकाळी चष्मा आणि कानाचं यंत्र काढून ठेवता का? नका ठेवू.

डॉक्टरांना एकच विचारा, दोन्ही नळ्या अजून लागतातच का? लघवीची नळी बऱ्याचदा कोणी काढायला सांगितली नाही म्हणूनच राहिलेली असते. तोवर ती मांडीला चिकटवून पायजम्यातून खाली घ्या, नाकातली गालावरून कानामागे न्या. नजरेआड गेली की हात कमी जातो. बोटं झाकणारे जाड मिटनही मिळतात, पण दर दोन तासांनी काढून हात बघायचे.

बांधायचंच झालं तर डॉक्टरांना विचारून, तेवढ्या वेळापुरतं, आणि जवळ माणूस हवं. कठड्याला कधीच नाही, कठडा खालीवर करताना हात ओढला जातो. कॉटच्या फ्रेमला बांधा, एका ओढीत सुटेल अशी गाठ, आत दोन बोटं जायला हवीत. गॉज तर नकोच, काचतं. नळीतून भरवताना डोकं उंच ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 97 स्पष्ट आहे: तातडीचा धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तरच बांधायचं, माणसं कमी आहेत म्हणून नाही, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांत कळवायचं. पण हे मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे. तुम्ही केसपेपरची प्रत मागा, त्यात बांधण्याची ऑर्डर आणि कारण लिहिलंय का बघा.

सोडियम शेवटचं कधी तपासलं?