मदत हवी आहे: आर या प्रोग्रामिंग भाषेत क्लाउडचा रोजचा खर्च, 1 तारखेचा सुळका आणि क्रेडिट

एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या कॉस्ट अँड यूसेज रिपोर्टच्या (खर्च आणि वापराच्या तपशीलाच्या) पार्केट फाइल्स आरच्या ॲरो पॅकेजने वाचतो, डीप्लायर पॅकेजने दिवस आणि सेवेनुसार बेरीज करतो आणि जीजीप्लॉट2 मध्ये जिओम-एरियाने रचलेला आलेख काढतो. कॉस्ट एक्सप्लोरर (एडब्ल्यूएसचं खर्च पाहायचं साधन) सुचवू नका, खात्यात प्रवेश नाही, फक्त फाइल्स मिळतात. आलेख आरमधूनच आणि स्थिर पीएनजी हवा, कारण तो मासिक अहवालात जातो. रक्कम डॉलरमध्ये चालेल.

आलेखातले वेडेवाकडे दात गेले. एखाद्या सेवेच्या काही दिवसांच्या ओळीच नव्हत्या, टायडीआर पॅकेजच्या कम्प्लीट फंक्शनने तिथे शून्य भरलं. छोट्या सेवाही 'इतर'मध्ये टाकल्या, नाहीतर रंगांची नुसती जत्रा.

अडलंय ते पुढे. दर महिन्याच्या 1 तारखेला मोठा सुळका येतो. रिझर्व्ह्ड इन्स्टन्सचं (ठरावीक मुदतीसाठी आरक्षित क्षमतेचं) मासिक शुल्क त्या एकाच दिवशी पडतं. ते वगळून डिस्काउंटेड यूसेजच्या (आरक्षणातून झालेल्या वापराच्या) ओळींना इफेक्टिव्ह कॉस्ट (आरक्षणाचा त्या वापरावर येणारा खर्च) लावली, सुळका बराच बसला. पण न वापरलेल्या आरक्षणाचा खर्च त्यात गळतो आणि महिन्याची बेरीज बिलाशी जुळत नाही. सरकती सरासरी नको, तिने खरी वाढही झाकली जाते.

शिवाय क्रेडिटच्या (बिलातून वजा होणाऱ्या रकमेच्या) ओळी ऋण आहेत, त्यामुळे जिओम-एरिया शून्याजवळ विचित्र वागतो.

न वापरलेलं आरक्षण महिन्याच्या दिवसांत समान वाटावं की वेगळा थर दाखवावा? आणि क्रेडिटसाठी जिओम-कॉलवर (स्तंभालेखावर) जावं, की एरिया ठेवून निव्वळ खर्चाची वेगळी रेघ काढावी?