गुडघ्याला घरी लेझरचं मशीन घ्यावं का? मायसाठी विचारतोय

केजकर
नमस्कार मंडळी. माय ६२ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात. आम्ही नको म्हणलं तरी कापूस वेचायला जातीच, अन् रात्री पायरी चढताना भिंत धरती. अंबाजोगाईला एक्स-रे काढला. झीज आहे, पण ऑपरेशन आत्ताच नको म्हणाले. गोळ्यांनी पित्त खवळतं. आता आठवडी बाजारात एक जण लेझरचं मशीन विकतोय. पट्ट्यासारखं गुडघ्याला बांधायचं, आत लाल दिवे. १८,००० रुपये. म्हणतो, गुडघ्यातला गॅप भरून निघतो. सोयाबीनचे पैसे आलेत, तर माय मागंच लागलीय. तिला शुगर पण आहे. कुणी वापरलंय का? उतार पडतो का खरंच?

लातूरची_फिजिओ
दादा, मी स्वतः क्लिनिकमध्ये लेझर वापरते, त्यामुळे सगळंच थोतांड असं मी म्हणणार नाही. पण गॅप भरतो हे धादांत खोटं. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकावरची मऊ गादी, उजेडानं उगवत नसते. काही जणांचं दुखणं कमी होतं, एवढंच.

हा शेक नव्हे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भागात एक एन्झाइम असतं, ते हा प्रकाश शोषून घेतं असं मानतात. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून त्यावर मंद लेझर सोडला, तर केस लवकर उगवले. या उपचाराची सुरुवात तिथली.

खरी गोम डोसात आहे. त्या माणसाला दोनच गोष्टी विचारा: तरंगलांबी (प्रकाश कुठल्या प्रकारचा ते सांगणारं माप) किती नॅनोमीटर, आणि एका डायोडची, म्हणजे आतल्या एका दिव्याची, ताकद किती मिलिवॉट. ७८० ते ८६० नॅनोमीटरचा लेझर असेल तर गुडघ्यावर प्रत्येक बिंदूला किमान ४ ज्यूल ऊर्जा द्यावी, अशी वर्ल्ड असोसिएशन फॉर लेझर थेरपीची शिफारस आहे. १०० मिलिवॉटचं यंत्र ते ४० सेकंदांत देतं. ५ मिलिवॉटच्या डायोडला तेवढ्यासाठीच ८०० सेकंद लागतात, म्हणजे तेरा मिनिटांच्या वर, आणि तेही एका बिंदूला. शिवाय ६५० च्या आसपासचा लाल प्रकाश बराचसा कातडीतच जिरतो. स्वस्त पट्ट्यांत बहुतेक हाच माल असतो. नुसते एलईडी दिवे लावून 'लेझर' म्हणून विकणारेही आहेत. बरं, जास्त वेळ लावलं म्हणून जास्त गुण येतो असंही नाही, डोस फार झाला तर परिणाम उलट घटतो.

२०१९ मध्ये बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात गुडघ्याच्या २२ चाचण्यांचा आढावा आला होता. शिफारशीइतका डोस मिळालेल्यांचं दुखणं कमी झालं, कमी डोसवाल्यांना फारसा फरक नाही. उलट कुठले उपचार द्यावेत हे ठरवणारी ब्रिटनची नाइस संस्था २०२२ च्या मार्गदर्शनात म्हणते की झिजेच्या दुखण्याला लेझर देऊच नका, पुरावा अपुरा आहे. म्हणजे जाणकारांतही एकमत नाही, आणि बाजारातला माणूस मात्र गॅरंटी देतोय!

घरी वापरायचंच झालं तर: इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि पडदा जळू शकतो. त्याच तरंगलांबीचा चष्मा हवा, लेकरं लांब हवीत. लुगड्यावरून लावू नये, उघड्या कातडीवर लावावं. कॅन्सरच्या जागी नको, गरोदर बाईच्या पोटावर नको. शुगरनं पायाची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसलेला कळत नाही, ते आधी तपासून घ्या. गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, तर मशीनबिशीन बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

माझं विचाराल तर १८,००० घालू नका. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं पाच सेकंद खाली दाबायची, सोडायची. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. मांडीच्या स्नायूत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. लेझर घ्यायचाच तर दोन-चार आठवडे फिजिओकडे जाऊन घ्या.

हिंगोलीचा_मास्तर
मी मानेसाठी भाड्यानं आणलं होतं. लावलं की दोन-तीन दिवस मान हलकी, मग वह्या तपासायला बसलो की पुन्हा तेच. भाडं वसूल झालं म्हणायचं. चष्मा मात्र दिलाच नव्हता, मागून घ्यावा लागला. ताईंनी डोळ्याचं सांगितलं ते मनावर घ्या.

जालना_काका
आमच्या मंडळींचा एक गुडघा बदललाय, आत धातू आहे. दुसऱ्या गुडघ्याला लेझर चालंल का?

लातूरची_फिजिओ
काका, चालतं. डायथर्मीच्या, म्हणजे विजेच्या लहरींच्या, शेकानं धातू तापतो, तसं यात होत नाही. तरी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या कानावर घाला.

केजकर
ताई, त्याला फोन लावला. किती मिलिवॉट विचारलं तर म्हणतो, "मालक, फुल पॉवर आहे." डब्यावर नुसते बॅटरीचे व्होल्ट छापलेत. मायला सांगितलं, तर म्हणती मग विहिरीवरची मोटार तरी भरून आणा त्या पैशात. टॉवेलचा व्यायाम बाजेवर चालंल का?

लातूरची_फिजिओ
बाज नको दादा, झोल पडतो, दाब बसत नाही. दिवाणावर करा. आणि खाली मांडी घालून बसणं सध्या बंद, कापूस निवडायलासुद्धा खुर्ची द्या त्यांना.