डायरीत पासवर्ड लिहिणारे 'महामूर्ख' असतील, तर आमच्या घरी एक आहेत. वय वर्षे ७८.

नदीकाठचा

सोसायटीच्या ग्रुपवर काल एका सज्जनांनी (आयटीत आहेत, हे पहिल्याच ओळीत सांगून झालं) लांबलचक पोस्ट टाकली. सार असं: पासवर्ड विसरणारे आळशी, सगळीकडे एकच ठेवणारे बेजबाबदार, आणि डायरीत लिहून ठेवणारे महामूर्ख. शेवटी मखलाशी, "ज्यांना एवढंही जमत नाही त्यांनी सरळ बँकेत जाऊन रांगेत उभं राहावं." तिथेच उत्तर देणार होतो, पण ग्रुपवर आधीच टँकरच्या पैशांवरून जुंपली आहे. म्हणून इथे.

आमच्या बाबांची अशी डायरी आहे. २०१६ सालची, विमा एजंटाने दिलेली, तपकिरी रेक्झिनची, रबरबँड लावलेली. आईच्या शिवणयंत्राच्या खणात असते. 'वीज', 'गॅस', 'पेन्शन', 'रेल्वे' अशी पानं. प्रत्येक पानावर खोडलेल्या ओळींची उतरंड आणि तळाशी एक न खोडलेली.

सगळ्यात गचाळ पान बँकेचं. पहिली ओळ: पानशेत@१९६१. बाबा तेव्हा तेरा वर्षांचे होते, नारायण पेठेत राहायचे. १२ जुलैला पाणी आलं तेव्हा आजीने देवघरातला टाकांचा डबा आणि बाबांना एकाच हाताने ओढत जिन्यावर नेलं होतं. ते साल ते विसरणं शक्य नाही. पण बँकेची साइट दर ९० दिवसांनी म्हणते, बदला. आणि मागचे पाच चालणार नाहीत. मग बाबा काय करतात? साल एकाने वाढवतात. आजच्या तारखेला आमच्या घरी पानशेत १९८३ साली फुटलं आहे.

आता मला सांगा, मूर्ख कोण? हा 'एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी बदल' प्रकार अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांमधून जगभर पसरला. त्या लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. निस्टनेही त्याच वर्षी पाठ फिरवली. कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, पेस्ट करू द्या. तिकडे देवाने नैवेद्य नको म्हणून सांगितलं, इकडे पुजारी अजून ताट मागतोय.

ब्रूस श्नायर यांच्यासारखा सुरक्षातज्ज्ञ २००५ पासून सांगतोय की कठीण पासवर्ड ठेवा आणि कागदावर लिहून पाकिटात सांभाळा. हजारो मैलांवर बसलेला भामटा शिवणयंत्राचा खण उघडू शकत नाही.

तिखटमीठ

लेख झकास. फक्त एवढंच की वडिलांचा पासवर्ड तुम्ही आत्ताच साऱ्या महाराष्ट्राला सांगितलात. १९८३.

नदीकाठचा

साइट, युजरनेम, अक्षरांची उलटापालट, काहीही दिलेलं नाही. शब्दही बदलला आहे. थोडासा.

कडीकोयंडा

'थोडासा' वाचून डोक्याला हात लावला.

मीही आयटीतला, तेव्हा चपला तयार ठेवा. त्या सज्जनांची भाषा उर्मट, मान्य. पण मुद्दा चुकीचा नाही. ९० दिवसांचा नियम जुनाट आहे हे आम्हीच वर्षानुवर्षं ऑडिटवाल्यांना सांगतोय. ते चेकलिस्ट घेऊन येतात, त्यात चौकट असते, चौकटीत टिक लागते, विषय संपला. त्याचं खापर आमच्यावर का?

आणि 'हजारो मैलांवरचा भामटा' हे अर्धसत्य. तुमच्या खणापर्यंत भाचा, सुतार, कामवाली, केअरटेकर सगळे पोचतात. माझ्या सख्ख्या काकांचे पैसे त्यांच्याच वहीतून पासवर्ड पाहून गेले. रक्कम सांगत नाही. कुणी नेले तेही सांगत नाही, कारण ते दिवाळीला फराळाला येतात. पासवर्ड मॅनेजर वापरा. एकच लक्षात ठेवायचा, बाकीचे तो ठेवतो.

शेवंता_नाही

दरवेळी यादीत कामवाली येतेच का? तुमच्याच गोष्टीत पैसे नेले नातेवाईकाने. आमच्या मावशींना माझ्या फोनचा पॅटर्न माहीत आहे, कारण गॅसचा नंबर त्याच लावतात. बारा वर्षांत एक चमचा हलला नाही.

कडीकोयंडा

बरं बाई, कामवाली खोडली. उरलेली यादी कायम.

जुनी पाटी

मॅनेजरवाल्यांना २०२२ आठवतं का? लास्टपास नावाच्या मॅनेजरमधून लोकांच्या पासवर्डांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. कुलूपबंद होत्या हे खरं, पण ज्यांचा मुख्य पासवर्ड लेचापेचा त्यांनी काय करायचं? सगळी अंडी एका टोपलीत घालायला सांगणारे तुम्हीच.

बाकी ही कटकट आजची नाही. एमआयटीत एकच संगणक अनेकांनी वापरायचा म्हणून पासवर्ड आले ते १९६१ च्या सुमारास, म्हणजे बाबांचं पानशेत फुटलं तेव्हाच. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकाने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापून घेतली. का? तर त्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता! चोरी पासवर्डाच्या पाठीला पाठ लावून जन्मली आहे.

काउंटर_नं_३

बँकेत ३४ वर्षं काढली, म्हणून बोलतो. डायरी घरात असेल तर माझी हरकत नाही. पण लोक एटीएमच्या कार्डाच्या खोळीवर पिन लिहितात हो. एक बाई आल्या होत्या, एसटी स्टँडवर पर्स गेली. पर्समध्ये कार्ड, कार्डाला चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर चार आकडे. रडत होत्या. मी काय करणार? रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक स्पष्ट होतं: तिसऱ्याच कुणाच्या चुकीने पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. चिठ्ठी दाखवल्यावर पुढे बोलायला काय उरतं?

'सुरक्षेसाठी प्रश्न' हा मात्र शुद्ध गाढवपणा होता. आईचं माहेरचं आडनाव काय म्हणे. आमच्या तालुक्यात ते कुणाला माहीत नव्हतं?

पाटलांची_पाटील

धन्यवाद काका, अगदी जखमेवर बोट ठेवलंत. माझ्या आईचं माहेरचं आडनाव पाटील. सासरचं पाटील. माझं माहेरचं पाटील, सासरचंही पाटील. मागे एका कस्टमर केअरवाल्या मुलाने विचारलं. मी म्हटलं पाटील. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं नाही, आईचं. माहेरचं." पाटील. "मॅडम, माहेरचं." शेवटी त्याने मला संशयित ठरवून खातं २४ तास गोठवलं.

ज्या देशात हा प्रश्न निघाला तिथे तो गुपित असेल. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर आजोळ छापतात, मामा 'आपले नम्र' मध्ये असतात.

कडीकोयंडा

तिथेही गुपित नाही. २००८ मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाला उभ्या असलेल्या सारा पेलिन यांचं याहू खातं असंच कुणीतरी उघडलं होतं. जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा कुठे भेटला. सगळं जाहीर माहितीत सापडलं. म्हणून उत्तर खोटं द्यायचं. आईचं आडनाव 'भेंडीफ्राय४४'. आणि ते मॅनेजरमध्ये ठेवायचं.

तिखटमीठ

म्हणजे परत मॅनेजर. तुम्हाला कमिशन आहे का?

माहेरचंच

पाटीलताई, तुमचं निदान जुळतं तरी. माझं ऐका. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने दुसरंच नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आधारवर सासूबाईंनी हौसेने तेच घातलं. पॅन नोकरी लागली तेव्हाचं, म्हणजे माहेरचं. आता निवृत्तीच्या पैशांच्या पोर्टलवर लॉगिन करायला गेले तर 'नाव जुळत नाही'. पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, माणूस चूक! राजपत्रात नाव छापून आणलं, विवाह नोंदणीचा दाखला जोडला, तरी सहा महिने 'प्रलंबित'. पासवर्ड बदलायला दोन मिनिटं लागतात. बाईचं नाव परत जागेवर आणायला अर्धं वर्ष.

कोकणकडा

नाव बदलू नये हा तुमचा हक्क. पण तांदळातलं नाव ही आपली एक गोड प्रथा आहे, तिला पोर्टलच्या बिघाडासाठी झोडपायची गरज नाही. धागा पासवर्डांचा, त्यात स्त्रीमुक्ती कुठून घुसली?

माहेरचंच

गोड कुणाला? तुमचं नाव लिहिलं होतं का ताटात?

कोकणकडा

व्यक्तिगत होऊ नका. माझ्या पत्नीने स्वखुशीने बदललं.

शेवंता_नाही

त्यांना इथे लॉगिन करू द्या, त्याच सांगतील. की पासवर्ड तुमच्याकडे आहे?

कोकणकडा

हे अति झालं. (तिचं नेटबँकिंग मी बघतो हे खरं आहे, पण तिनेच सांगितलंय.)

काउंटर_नं_३

भांडू नका. एक माहिती देतो. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात आता आईचं नाव बंधनकारक आहे: स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलंच आहे. पण म्हणजे पुढच्या पिढीला 'आईचं नाव काय' हा प्रश्नही सुरक्षेसाठी निकामी. ते मुलाच्या दप्तरावरच असणार.

मध्यरात्रीचा_ओटीपी

मी न्यू जर्सीत. इथे मूळ विषयावर कुणी बोलतंय का? असो. पासवर्ड-पासवर्ड काय करता, खरा छळ ओटीपीचा. पुण्यातल्या फ्लॅटचा कर भरायचा म्हणून तिथलं सिमकार्ड जिवंत ठेवायचं, त्याला दर महिन्याला औषध पाजल्यासारखं रिचार्ज मारायचं. एका वर्षी भानगडीत राहून गेलं. ९० दिवस वापर नसला की नंबर जाऊ शकतो, तसा गेला. आणि तो नंबर बुलढाण्याकडच्या एका भल्या माणसाला मिळाला. त्याने मला फेसबुकवर शोधून कळवलं, "दादा, तुमचे ओटीपी येत आहेत, सांगू का?" सांग म्हटलं. महिनाभर माझे व्यवहार त्या माणसाच्या सज्जनपणावर चालले होते.

कडीकोयंडा

आणि तुम्ही अनोळखी माणसाकडून ओटीपी घेतलात. व्वा.

मध्यरात्रीचा_ओटीपी

मी घेतला, दिला नाही! फरक आहे.

कडीकोयंडा

२००९ च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहाराला ओळख पटवायची दुसरी पायरी सक्तीची केली, तेव्हा परदेशी कंपन्यांनी बोटं मोडली होती. नुसत्या कार्डाच्या नंबरावर पैसे उडवणं त्यामुळेच अवघड झालं. छळ आहे, पण उपयोगाचा छळ आहे. एसएमएसच हवा असंही नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत दोन पायऱ्या कायम आहेत, पण दुसरी एसएमएसशिवायही चालते.

उंबरठा

इतके दिवस नुसती वाचत होते.

आमचे हे कडीकोयंडा म्हणतात तसेच होते. सगळं शिस्तीत. मॅनेजर, वीस अक्षरी मुख्य पासवर्ड, फोनला बोटाचा ठसा. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातच गेले. तेराव्याच्या आधी वीजबिलाची तारीख आली. बिल यांच्या ईमेलवर, ईमेल मॅनेजरमध्ये, मॅनेजर यांच्या डोक्यात. लाइट तोडायला माणूस आला तेव्हा घरात पाहुणे बसले होते. विम्याची एक पॉलिसी होती हे मला सोळा महिन्यांनी कळलं, तेही कंपनीचं कॅलेंडर पोस्टाने आलं म्हणून.

माझ्याकडे आता दोनशे पानी वही आहे. मुलीला जागा माहीत आहे. मला कुणी महामूर्ख म्हटलं तर चालेल.

कोकणकडा

ताई, नमस्कार.

कडीकोयंडा

उंबरठाताई, तुम्हाला मुळीच म्हणत नाही. मॅनेजरांत 'आणीबाणीत घरच्यांना प्रवेश' अशी सोय असते. गूगलमध्ये २०१३ पासून आहे, खातं अमुक महिने निष्क्रिय राहिलं तर कुणाला कळवायचं ते आधी ठरवता येतं. पण ती सेटिंग कुणी लावत नाही. मीही लावली नव्हती. काल रात्री लावली. आणि मुख्य पासवर्ड एका कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवलाय. हो, कागदावर. धागाकर्ते, आनंद झाला असेल तर पेढे खा.

पण तुमच्या बाबांचं ते एकेक साल वाढवणं बंद करा. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या लोकांनी २०१० मध्ये हेच तपासलं होतं. जुना पासवर्ड हातात असला तर १७ टक्के खात्यांचा नवा पाच अंदाजांत सापडला. १९८३ नंतर १९८४ येतं हे चोरालाही कळतं.

नदीकाठचा

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. कामवालीवरचं भांडण त्यांना आवडलं. तांदळावर ते काही बोलले नाहीत, आई समोर होती.

'एकेक साल' वाला मुद्दा पटला म्हणाले. मग डायरी काढली, बँकेचं पान उघडलं, १९८३ खोडलं आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. शब्द आता पानशेत नाही एवढं नक्की, कारण आतून आईला हाक मारून विचारत होते, "अगं, खडकवासल्यात एस एकच ना?"