बारीक माणसाची भूक जास्त चिवट
डाएट सोडल्यावर माणूस दुप्पट जेवतो तो निव्वळ जिभेवर ताबा नसल्यामुळे, असं बरेचदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात आहारसंशोधक ॲन्सेल कीज यांनी प्रयोगासाठी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. वजन सुमारे पाव भागाने उतरलं. पुढे खाण्यावरचं बंधन उठल्यावर ही मंडळी पोट तट्ट फुगलं तरी भूक आहेच म्हणायची. शिस्तीत त्यांनी सहा महिने काढले होते, म्हणजे मनोनिग्रह कमी नव्हता!

यातली गंमत या प्रयोगाच्या नोंदींच्या नंतरच्या फेरतपासणीत दिसली. गेलेली चरबी परत आली तरी भूक थांबेना. स्नायू भरून येईपर्यंत ती टिकली, आणि तोवर चरबी आधीपेक्षा जास्त साठली. मुळात सडपातळ माणसाच्या घटलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो, जाड्या माणसाच्या घटीत चरबीचा. त्यामुळे ‘मी तर बारीकच, दोन किलो सहज उतरवीन’ म्हणणाऱ्यालाच नंतर डबे धुंडाळायची वेळ येते. माझं तेच झालं. लग्नाआधी महिनाभर सूप-सॅलड, आणि लग्नानंतर रुखवतातले लाडू रात्री बारा वाजता, उभ्यानेच.