एफपी-२ च्या वेळांवरून टीमचा खरा वेग कसा ओळखायचा?

सेक्टर_तीन

फॉर्म्युला वन सीझनची पहिली शर्यत तोंडावर आलीय. शुक्रवारच्या सरावाचा तक्ता बघून कोण पुढे, कोण मागे हे ठरवायला गेलं की हमखास फसगत होते. २०२५ ला मेलबर्नमध्ये एफपी-२ ला, म्हणजे तीनपैकी दुसऱ्या सराव सत्राला, फेरारीचा लेक्लेर १:१६.४३९ ने पहिला होता. दुसऱ्या दिवशी क्वालिफाइंगला (शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या सत्राला) तो सातवा आणि त्याच्याच टीमचा हॅमिल्टन आठवा. २०२४ ला बहरीनमध्ये एफपी-२ ला मर्सिडीज पहिली-दुसरी, रेड बुलचा व्हर्स्टापेन सहावा. शर्यत मात्र व्हर्स्टापेनने २२ सेकंदांच्या फरकाने जिंकली.

लाइव्ह टायमिंग आणि फास्टएफवन या पायथन लायब्ररीचा डेटा हाताशी आहे. लाँग रनची (शर्यतीसारख्या जड टाकीने सलग मारलेल्या फेऱ्यांची) सरासरी काढून टीमची क्रमवारी लावता येते का? इंधनाचा हिशेब कसा धरायचा? कुठल्या फेऱ्या टाकून द्यायच्या? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

जड_टाकी

लावता येते, पण सरासरीवर नाही, उतारावर भरवसा ठेवा. म्हणजे लाँग रनमध्ये गाडी किती वेगात सुरू झाली यापेक्षा फेरीगणिक वेळ कशी बदलत गेली हे बघा. कारण सांगतो.

२०२५ पर्यंतच्या गाड्यांचा ढोबळ हिशेब असा: १० किलो इंधन म्हणजे फेरीमागे साधारण ०.३ सेकंद. शर्यतीसाठी जास्तीत जास्त ११० किलो इंधन आणि मेलबर्नच्या अल्बर्ट पार्क ट्रॅकच्या ५८ फेऱ्या, म्हणजे फेरीला १.९ किलोच्या आसपास जळतं. टायर अजिबात झिजला नाही तर गाडी हलकी होत जाऊन दर फेरीला ०.०५ ते ०.०६ सेकंद आपोआप कमी व्हायला हवेत. त्यामुळे लाँग रनच्या वेळा सपाट दिसल्या तर "टायर टिकतोय" असं लगेच म्हणू नका. इंधनाचा सगळा फायदा टायरने खाल्लेला असतो.

समजा, मीडियम टायरवर (हार्ड आणि सॉफ्टच्या मधला) दहा फेऱ्यांत वेळ १:२२.३ वरून १:२२.८ वर गेली. दिसणारी वाढ ०.५ सेकंदांची. पण पहिल्या आणि दहाव्या फेरीच्या मध्ये १७ किलो इंधन जळलं, त्याचे आणखी ०.५ मिळायला हवे होते. म्हणजे खरी झीज १ सेकंदाची, फेरीला ०.११. दुसऱ्या टीमची त्याच टायरवर हीच झीज ०.०७ निघाली, तर वीस फेऱ्यांच्या स्टिंटअखेर (स्टिंट म्हणजे एका टायर संचावरच्या सलग फेऱ्या) दोघांत फेरीमागे पाऊण सेकंदाचं अंतर पडतं. शर्यती तिथे जिंकल्या जातात.

सरासरीचा घोळ असा, की रन सुरू करताना टाकीत किती इंधन होतं हे टीमबाहेर कोणालाच कळत नाही. २० किलोचा फरक म्हणजे ०.६ सेकंद, आणि पुढच्या चार टीम बहुतेक वेळा त्याच्या आत असतात. सुरुवातीचं इंधन कमी-जास्त असलं तरी उताराला फार धक्का लागत नाही. जड गाडी टायर थोडा जास्त खाते, इतकंच.

फेऱ्या टाकायचं म्हणाल तर आउट लॅप (पिटमधून बाहेर पडतानाची फेरी), इन लॅप (पिटमध्ये परततानाची), आणि पिवळ्या झेंड्याखालच्या व व्हर्च्युअल सेफ्टी कारखालच्या, म्हणजे धोक्यामुळे वेग कमी करायला लावलेल्या फेऱ्या आधी काढा. मग प्रत्येक सेक्टर आधीच्या फेरीशी ताडून बघा. एकाच सेक्टरमध्ये अर्धा सेकंद गेला आणि पुढच्या फेरीत परत आला, तर ते ट्रॅफिक. तिन्ही सेक्टर थोडेथोडे वाढले तर तो टायर. सहापेक्षा कमी स्वच्छ फेऱ्या उरल्या तर तो रन सोडून द्या, आणि पातळी काढायचीच असेल तर सरासरीऐवजी मध्यक घ्या.

कोरडी_रेषा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दोन गोष्टींची भर घालतो.

एक, फास्टएफवन वापरताना जलद फेऱ्या निवडण्याची जी तयार सोय आहे, ती सत्रातल्या सर्वांत जलद फेरीच्या १०७ टक्क्यांची मर्यादा लावते. बहरीन २०२४ च्या एफपी-२ ला हॅमिल्टनची १:३०.३७४ ही सर्वोत्तम वेळ, म्हणजे मर्यादा १:३६.७. जड टाकीच्या फेऱ्या नेमक्या याच रेषेच्या अल्याडपल्याड पडतात. परिणाम असा, की लाँग रनमधल्या बऱ्याच फेऱ्या गुपचूप गळतात, त्यातही टायर झिजल्यावरच्या, आणि सगळ्यांचा उतार सुंदर दिसायला लागतो. सरावासाठी ही सोय वापरूच नका. स्टिंटचा क्रमांक, कंपाउंड (टायरचा प्रकार) आणि टायरचं वय या रकान्यांवरून फेऱ्यांचे गट पाडा आणि गाळणी प्रत्येक स्टिंटच्या स्वतःच्या मध्यकावर लावा. मध्यकापेक्षा दीड सेकंदाहून हळू फेरी असेल तर बाहेर.

दोन, तुलना सारख्याची सारख्याशी करा. बहरीनला एफपी-१ आणि एफपी-३ उन्हात होतात, एफपी-२ संध्याकाळी, आणि क्वालिफाइंग व शर्यतही दिव्यांखाली. २०२४ ला एफपी-१ ची सर्वोत्तम वेळ रिकार्डोची १:३२.८६९ होती, एफपी-२ ची तिच्यापेक्षा जवळपास अडीच सेकंदांनी कमी, आणि दुसऱ्या दिवशी एफपी-३ ला साइंझ १:३०.८२४ वर पहिला, म्हणजे एफपी-२ पेक्षा हळू. तिथे एफपी-२ सोडून बाकी सत्रांवरून वेगाबद्दल बोलूच नये. मेलबर्नचं गणित वेगळं. तो बागेतला रस्ता, शुक्रवारी धुळीने भरलेला. त्यावर रबर बसत जातं तसा ट्रॅक सुधारत जातो. २०२५ ला एफपी-१ ची सर्वोत्तम वेळ १:१७.२५२ आणि पोल (क्वालिफाइंगची सर्वोत्तम वेळ) १:१५.०९६, दोन्ही नॉरिसच्याच. या दोन सेकंदांत इंजिन मोड आणि इंधनही आहे, पण ट्रॅकचा वाटा मोठा. त्यामुळे एकाने सॉफ्टची फेरी एफपी-२ च्या विसाव्या मिनिटाला मारली आणि दुसऱ्याने पस्तिसाव्या, तर त्या वेळा थेट शेजारी ठेवू नका.

टायरचे संचही मोजा. नेहमीच्या वीकेंडला गाडीमागे कोरडे १३ संच मिळतात: २ हार्ड, ३ मीडियम, ८ सॉफ्ट. प्रत्येक सरावानंतर २ परत द्यावे लागतात. शर्यतीसाठी हार्ड आणि मीडियम राखायचे असतील तर टीम शुक्रवारी लाँग रनही सॉफ्टवर करते, आणि मग तो रन दुसऱ्याच्या मीडियमशी जुळत नाही.

अवांतर: २००९ ला मेलबर्नमध्ये तिन्ही सरावांत विल्यम्सचा रोसबर्ग पहिला होता. पोल बटनची, शेजारी बॅरिकेलो, दोघेही ब्रॉन टीमचे.

शेवटचा_ब्रेक

एका फेरीचा वेग बघायचा असेल तर टेलिमेट्री, म्हणजे गाडीच्या सेन्सरांचा डेटा, उघडा. टीम वेळ लपवते तेव्हा ती कुठे लपवली हे वेगाच्या आलेखावर बऱ्यापैकी दिसतं.

इंधन जास्त असेल तर सगळीकडे थोडंथोडं जातं: ब्रेक लवकर, वळणातला किमान वेग कमी, बाहेर पडताना पिकअप मंद. इंजिनाची ताकद उतरवलेली असेल तर वळणं सारखीच, पण सरळ रस्त्यावर सुरुवातीपासूनच रेषा खाली राहते. आणि विंग मोठी असेल तर पिकअप दोन्ही गाड्यांचा सारखा, वेगवान वळणात ती गाडी उलट पुढे, आणि २८० च्या वर मात्र तिची रेषा आडवी व्हायला लागते. हे तीन आकार ओळखता आले की तक्त्यातले चार-पाच दशांश कुठून आले ते सांगता येतं.

सरावात इंजिनाची ताकद उतरवण्याला नियमाची आडकाठी नाही. २०२० च्या मोंझाच्या शर्यतीपासून क्वालिफाइंग आणि शर्यतीत एकच इंजिन मोड ठेवावा लागतो, सरावाला ते बंधन नाही.

एक काळजी घ्या. हा डेटा सेकंदाला साधारण चार वेळा येतो. ताशी ३०० ला गाडी तेवढ्यात २० मीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे वळणातला नेमका किमान वेग दोन नोंदींच्या मध्ये हरवतो. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका, त्याच ड्रायव्हरच्या तीन फेऱ्या एकमेकांवर ठेवा.

सेक्टर_तीन

दोघा-तिघांनीही मनापासून लिहिलंत, आभार. १०७ टक्क्यांची गाळणी मी लावूनच बसलो होतो. आता एकच शंका: २०२६ च्या नियमांनंतर हे आकडे आणि हे आकार तसेच चालतील का?

शेवटचा_ब्रेक

वजनाचा नियम बराचसा चालेल, कारण ते भौतिकशास्त्र आहे. फेरीला १.९ किलोचा आकडा मात्र चालणार नाही. विजेची मोटर १२० वरून ३५० किलोवॅटवर गेलीय आणि इंजिनाचा वाटा घटलाय, म्हणजे फेरीमागे इंधन कमी जळतं. झीज काढताना जुना आकडा धरलात तर ती फुगून येईल.

सगळ्यात जपून वापरायचा तो आलेखातला विंगचा आकार. सरळ रस्त्याच्या शेवटी रेषा आडवी झाली तर आता ती विंग असेलच असं नाही. बॅटरी संपत आली की मोटर हात काढून घेते आणि रेषा तशीच आडवी होते, कधी खालीही वळते. ओळखायची खूण अशी: लागोपाठच्या फेऱ्यांत रेषा त्याच वेगावर आडवी होत असेल तर बहुधा हवेचा अडथळा. एका फेरीत फिनिशलाइनच्या आधी आणि पुढच्या फेरीत दुसऱ्याच सरळ रस्त्यावर आडवी झाली, तर ड्रायव्हर बॅटरी कुठे खर्चायची याचे प्रयोग करतोय. ती फेरी एका फेरीच्या वेगाच्या तुलनेतून बाजूला ठेवा.