जूनमधली बाईक ट्रिप आणि बोटीचं वेळापत्रक

सी-२०१: मंडळी, जूनमध्ये स्कॉटलंडला चाललोय, तिकडे बाईक भाड्याने घेऊन आउटर हेब्रिडीजची बेटं करायची आहेत, खालून वर. गुरुवारी ओबानहून बोटीने बॅरा, शुक्रवारी युइस्ट, शनिवारी हॅरिस, रविवारी लुईसचं वरचं टोक, सोमवारी सकाळी लुईसच्या स्टॉर्नोवेहून मुख्य जमिनीवरच्या उलापूलची बोट आणि मंगळवारी विमान. आपल्यातल्या कोणीतरी हे केलंय असं लिफ्टमध्ये कानावर आलं, कोण ते?

बी-४०२: मीच तो. दिशा बरोबर धरलीस, वारा बहुतेक नैऋत्येचा असतो म्हणजे पाठीवर येतो. पण वारांचा घोळ केलायस, सांगतो, आधी चहा होऊ दे.

ए-१०३: बेटं म्हणजे प्रत्येक ठिकाणी बोट का? भाड्यातच संपेल की हा 😄

बी-४०२: नाही हो काका, तीच तर मजा आहे. दक्षिणेच्या व्हॅटर्सेपासून उत्तरेच्या टोकापर्यंत १० बेटं आहेत पण मधे बोटी फक्त २, बाकी ६ ठिकाणी समुद्रात भराव घालून रस्ता केलाय. एरिस्के बेटाचा भराव २००१ चा, त्याआधी तिथेही बोटच होती. सायकलवाल्यांचा ठरलेला रूट २९७ किमीचा आहे, बाईकवर पेट्रोल टाकून दामटलं तर दीड दिवसात संपेल, पण मग जायचंच कशाला.

बी-४०२: आता वार. लुईस आणि हॅरिसमध्ये लोक कडक प्रोटेस्टंट, रविवार देवाचा म्हणून पाळतात, मनापासून पाळतात. स्टॉर्नोवेला रविवारची बोट सुरू झाली तीच २००९ मध्ये. दुकानं, पेट्रोल बरंचसं बंद. तू शनिवारी संध्याकाळी अर्ध्या टाकीवर हॅरिसला उतरणार आणि रविवारी टोकापर्यंत जाऊन परत येणार, कशाच्या जोरावर? दक्षिणेकडे, बॅरा आणि साउथ युइस्टला, लोक कॅथलिक आहेत, तिथे रविवारचं एवढं कडक नाही.

सी-२०१: अरे बापरे, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

बी-३०४: त्याच एरिस्केजवळ १९४१ मध्ये व्हिस्कीने भरलेलं जहाज खडकावर आपटलं होतं ना? बेटावरच्या लोकांनी रात्री होड्या घालून पेट्या उतरवल्या होत्या.

ए-१०३: हे मात्र याला बरोबर माहीत 😂

सी-२०१: दादा, बोटीत बाईक चढवायचं कसं असतं? मला त्याचीच जास्त धास्ती आहे.

बी-४०२: चढवणं सोपं, ब्रेक मारणं अवघड. रॅम्प लोखंडी, वर समुद्राचं पाणी आणि आधीच्या गाड्यांचं ऑइल. मी पत्र्याच्या जोडावरच पुढचा ब्रेक दाबला, चाक सर्रकन सरकलं, पाय टेकला म्हणून वाचलो. मागचा ट्रकवाला हॉर्नसुद्धा न वाजवता नुसता बघत बसला, त्याचीच जास्त लाज वाटली. सरळ रेषेत, पहिल्या गिअरवर, क्लच न खेळवता, नजर समोर. आत गेल्यावर साइड स्टँड, गिअरमध्ये टाकून बंद, मेन स्टँड नको कारण बोट डोलली की गाडी पुढे ढकलली जाऊन स्टँडवरून उतरते. पट्टे बोटीवर मिळतात पण बरेचदा बांधायचं आपल्यालाच. सीटवरून पट्टा घेतलास तर खाली हातमोजा घाल, नाहीतर सीटला वळ उठतो. अलार्म असेल तर बंद कर, बोट हलली की तो कोकलतो, आणि मोठ्या बोटीवर प्रवासात खाली गाड्यांपाशी जाऊ देत नाहीत, ओबान ते बॅरा जवळजवळ ५ तास आहेत, म्हणून जॅकेट, पाणी, चार्जर आधीच वर घेऊन जा.

डी-१०२: लायसन्स आपलं चालतं का तिकडे?

बी-४०२: हो, बाईकचा क्लास लिहिलेला असेल तर पाहुण्याला १२ महिने चालतं. गाडी डावीकडूनच चालवतात, तेही बरं. फक्त रस्ता बराच ठिकाणी एका गाडीपुरता, मधे मधे थांबायला जागा केलेल्या असतात, मागून कोणी घाईत आलं तर बाजूला होऊन त्याला जाऊ द्यायचं, नुसतं समोरच्यासाठी नाही. आणि रोज संध्याकाळी साध्या पाण्याने चेन धुऊन तेल घाल, मी दोन दिवस आळस केला तर चेनवर तांबूस पावडर आली होती.

सी-२०१: आणि वाऱ्याने बोट रद्द झाली तर?

बी-४०२: मग बसायचं. म्हणून तर म्हणतोय, सोमवारी उतरून मंगळवारी विमान धरायचा नाद सोड. युइस्टकडच्या बर्नरेहून हॅरिसच्या लेव्हरबर्गला जाणारी तासाभराची बोट तर खडकांमधून नागमोडी जाते, तिथे हवा-भरती बघूनच सोडतात.

सी-२०१: ओके, बदललं. सोमवारी ओबान, मंगळवार युइस्ट, बुधवार हॅरिस, गुरुवार लुईस, शुक्रवार वाऱ्यासाठी मोकळा, शनिवारी स्टॉर्नोवेहून बाहेर. रविवारी मी मुख्य जमिनीवर. विमान सोमवारी.

बी-४०२: हां, आता जमलं. माझ्याकडे दोन पट्टे आहेत, आठ वाजता खाली ये, तुझ्या बाईकवरच बांधून दाखवतो. सी विंगच्या खांबाला ताणू.

ए-१०३: खांबाला कालच रंग दिलाय. जिन्याच्या रेलिंगला बांधा.