मदत हवी आहे: तयार पात्र घेऊ की स्वतः घडवू?

मंडळी, सिडकोत राहतो. जेवण झाल्यावर दोनेक तास मिळतात, तेवढ्यातच माझे व्हिडिओ गेम. विचर ३ संपवला. त्यात गेराल्ट हा ठरलेला नायकच व्हायचं, दुसरा पर्याय नाही. पण तलवार, जादूची चिन्हं की काढे, एवढं ठरवलं की गाडी सुरळीत.

मग स्कायरिम घेतला. १८ कौशल्यं, हवं ते शिका! मी थोडी जादू, थोडं धनुष्य, वर लोखंडी खंजीर ठोकत लोहारकाम वाढवत बसलो. लेव्हल चढली तसे शत्रूही तगडे झाले, माझा हात मात्र कच्चाच. मामेभाऊ हसून म्हणाला, "अरे, मिसळीत सगळं चालतं, पण तर्री एकच लागते."

आता बाल्डर्स गेट ३ सुरू करायचाय. १२ क्लास (योद्धा, जादूगार असे पात्राचे प्रकार) आहेत आणि गेममधल्या विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की क्लास बदलता येतो, म्हणजे चूक महागात पडणार नाही. पण अडलंय वेगळ्याच ठिकाणी: गेल किंवा अस्टेरियनसारखं तयार पात्र घेतलं तर गोष्ट जास्त रंगते का? की स्वतःचं पात्र बनवून त्यांना सोबतीला ठेवणंच बरं? आणि लेव्हल १२ लाच थांबते, तर दोन क्लास एकत्र करणं पहिल्याच खेपेला झेपेल का?

दोन्ही प्रकारे खेळलेल्यांनी सांगा. शेवट तेवढा फोडू नका, प्लीज.